नेदरलंड्स की जर्मनी? दोन ऑफर हातात, डिसेंबरात तीस पूर्ण

न्यायमंदिर_मागे
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतं वाचत होतो, आता विचारायची वेळ आलीय. मी बडोद्याचाच, एमएस युनिव्हर्सिटीतून मेकॅनिकल बी.ई. केलं आणि तेव्हापासून इथल्याच एका ईपीसी (प्लांट डिझाइन करून उभारून देणाऱ्या) कंपनीत पाइपिंग डिझाइनला आहे. सध्या दोन ऑफर आहेत. एक रॉटरडॅमची, महिना ४,६०० युरो आणि वर ८ टक्के हॉलिडे अलाउन्स, करार एक वर्षाचा. दुसरी ड्युसेलडॉर्फची, वर्षाला ५४,००० युरो, करार पर्मनंट, प्रोबेशन सहा महिने. काम दोन्हीकडे जवळजवळ सेमच, रिफायनरी आणि केमिकल प्लांटचं.
डोक्यात असा प्लॅन आहे की आधी जर्मनीला जायचं, तिथे पीआर (कायम राहण्याचा परवाना) लवकर मिळतं म्हणतात, ते खिशात टाकायचं आणि मग वाटलं तर नेदरलंड्सला उडी मारायची, शेजारीच तर आहे, ड्युसेलडॉर्फहून व्हेन्लो पन्नासेक किलोमीटर. बायको फिजिओथेरपिस्ट आहे, तिलाही काम करायचंय. आईबाबा दांडिया बाजारात, दोघंही साठीच्या पुढे आणि मी एकुलता एक. वय सध्या २९, डिसेंबरात ३० पूर्ण होतील. ऑफरला उत्तर द्यायला फार दिवस नाहीत, गरब्याच्या धामधुमीत नऊ दिवस तर असेच गेले. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा प्लीज.

फतेगंजकर
अभिनंदन रे! पहिला प्रश्न, पार्टी कधी? निदान सेव उसळ तरी. दुसरा प्रश्न, सगळं बडोदं कॅनडा-ऑस्ट्रेलियाच्या मागे असताना तू युरोप कसा काय पकडलास?

न्यायमंदिर_मागे
@फतेगंजकर काम तिकडे आहे म्हणून. कॅनडाला जाऊन दोन वर्षं वेअरहाउसमध्ये खोकी उचलायची माझी तयारी नाही.

वेस्टरपार्कची_ताई
मी नेदरलंड्समध्ये आहे, बडोद्याचीच, माहेर बाबाजीपुऱ्यात. तुझ्या सगळ्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू शेवटी सहज लिहून टाकलीस, ती म्हणजे वय. इकडे केनिसमिग्रांत म्हणून कुशल परदेशी कर्मचाऱ्यांचा जो परवाना आहे त्याला पगाराच्या दोन पायऱ्या आहेत. २०२५ मध्ये तिशीच्या आत असशील तर महिना ४,१७१ युरो पुरतात आणि तीस झाले की ५,६८८ लागतात, तेही हॉलिडे अलाउन्स न धरता. तुझे ४,६०० म्हणजे आज तू आत आहेस आणि वाढदिवसानंतर बाहेर. वय बघतात ते अर्ज पोचला त्या दिवशीचं. म्हणून कंपनीला आजच विचार की आयएनडीकडे (डच इमिग्रेशन खातं) अर्ज कधी टाकणार. डिसेंबरच्या आधी गेला तर पुढे तीस झाल्यावरही त्याच कंपनीत राहीपर्यंत खालचीच पायरी चालते, रिन्युअललासुद्धा. पण तिशीनंतर कंपनी बदललीस की वरची लागू, हे लक्षात ठेव. आणि हे आकडे दर १ जानेवारीला बदलतात.
अजून एक, कंपनी मान्यताप्राप्त स्पॉन्सर हवी. आयएनडीच्या साइटवर यादी उघडी आहे, नाव टाकून बघ. यादीत असेल तर निर्णय साधारण दोन आठवड्यांत येतो, नसेल तर हा रस्ताच नाही.

ऱ्हाइनकाठचा
ताई नेदरलंड्सचं सांगणारच, मी जर्मनीची बाजू लावतो. ५४,००० म्हणजे ब्लू कार्ड, उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांचा ईयूचा परवाना, आरामात. २०२५ ची मर्यादा ४८,३०० आहे आणि इंजिनिअर टंचाईच्या यादीत येत असल्याने त्यांना ४३,७५९.८० सुद्धा चालतात. वयाची भानगड नाही. ब्लू कार्डवर पीआर २७ महिन्यांत मिळतं, जर्मन ए१ (भाषेची पहिली पायरी) पुरतं, आणि बी१ (तिसरी पायरी) केलंस तर २१ महिन्यांत. नेदरलंड्सला सलग पाच वर्षं काढ, डचची आणि समाजाची परीक्षा दे, मग पीआर. हिशोब सरळ आहे.
आणि जर्मनीत सहा महिन्यांचं प्रोबेशन संपलं की, कंपनीत दहापेक्षा जास्त माणसं असतील तर, उगाच उठून काढता येत नाही, कारण दाखवावं लागतं. तुझा डच करार एका वर्षाचा. वर्ष संपलं आणि त्यांनी म्हटलं पुढे नको, तर कारणसुद्धा सांगायची गरज नाही, आणि परवान्यावर नवी नोकरी शोधायला जास्तीत जास्त तीन महिने. ही जोखीम पगाराच्या कागदावर दिसत नाही. तुझा प्लॅन मला बरोबर वाटतो, आधी जर्मनी.

हिशोबनीस_मांडवी
थांबा थांबा. "आधी जर्मनी मग नेदरलंड्स" यात एक मोठा खड्डा आहे तो कोणीच सांगत नाहीये. नेदरलंड्समध्ये बाहेरून आणलेल्या कर्मचाऱ्याला पगाराचा ३० टक्क्यांपर्यंत भाग पाच वर्षं करमुक्त मिळतो, त्यालाच सगळे थर्टी पर्सेंट रूलिंग म्हणतात. त्याची एक अट अशी की नोकरी लागण्याआधीच्या २४ महिन्यांपैकी १६ पेक्षा जास्त महिने तू डच सीमेपासून १५० किलोमीटरच्या पलीकडे राहिलेला हवास. ड्युसेलडॉर्फ सरळ आत येतं. कोलोन आत. सगळं बेल्जियम आत. म्हणजे तू दोन वर्षं ऱ्हाइनकाठी काढून रॉटरडॅमला गेलास तर ती सवलत गेली. म्युनिकहून गेलास तर राहते, बर्लिनहून राहते, बडोद्याहून तर राहतेच.
आता तुझे आकडे. ४,६०० गुणिले १२ म्हणजे ५५,२००, वर ८ टक्के, एकूण ५९,६१६. पूर्ण ३० टक्के तुला मिळणार नाहीत, कारण सवलत काढून उरलेला करपात्र पगार २०२५ मध्ये किमान ४६,६६० राहायला हवा. मास्टर्स असतं आणि वय तिशीच्या आत असतं तर ही अट ३५,४६८ वर येते, पण तू बी.ई. आहेस. म्हणजे ५९,६१६ वजा ४६,६६०, साधारण १२,९५६ युरो वर्षाला करमुक्त. माझ्या अंदाजाने हातात महिन्याला पाचशेच्या वर फरक पडतो. पुढे २०२७ पासून ३० चे २७ टक्के होणार आहेत आणि पगाराची अटही वाढणारे, म्हणजे तुझा पगार वाढला नाही तर फायदा आक्रसत जाईल, पाच वर्षं हाच आकडा धरून बसू नकोस.
करारावर सही बडोद्यात असतानाच कर, आणि रुजू झाल्यापासून चार महिन्यांच्या आत कर खात्याकडे अर्ज गेला पाहिजे, नाहीतर मागचे महिने बुडतात.

ऱ्हाइनकाठचा
१५० किमीचं मान्य. पण पूर्ण चित्र मांडा ना. जर्मनीत बायको कमावत नसेल तर टॅक्स क्लास तीन, कर बराच उतरतो. आणि सरकारी आरोग्य विमा एकाच्याच पगारातून कापला जातो, न कमावणारी बायको आणि पोरं त्यातच फुकट. नेदरलंड्समध्ये प्रत्येक मोठ्या माणसाचा विमा वेगळा, माणशी महिना दीडशे युरोच्या आसपास, शिवाय वर्षाला पहिले ३८५ युरो खिशातून. दोघांचे मिळून तीनशे गेले की तुमच्या पाचशेतले किती उरले?

हिशोबनीस_मांडवी
उरले तेही उरलेच. पण हो, विम्याचा मुद्दा बरोबर आहे. अठराच्या आतली मुलं तिकडेही फुकट, तेवढं जोडतो.

मांजलपूर_काका
मी रिफायनरीतून रिटायर झालेला माणूस. माझा मुलगा तिकडेच आहे, त्यामुळे हे सगळं मी दुसऱ्या टोकावरून बघितलंय. तुम्ही सगळे युरो मोजताय, त्याने लिहिलंय की आईबाबा साठीच्या पुढे आणि हा एकुलता एक, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. मला एवढंच विचारायचंय, आईबापांना कायमचं नेता येतं का, का दर वर्षी व्हिजिटर व्हिसावर नव्वद दिवस जाऊन नातवंडं सांभाळायची आणि परत यायचं? आणि बाळा, तिकडचा पासपोर्ट घेतलास तर इकडचा जमा करावा लागेल, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाला मिळणारं कार्ड) मिळेल, पण ओसीआयवर शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आली तर येते. डभोईकडे कोणाची शेती असेल तर आधीच विचार करून ठेवा.

ऱ्हाइनकाठचा
काका, हा प्रश्न बरा काढलात. जर्मनीने कायदा बदललाय, ज्याला कुशल कामगाराचा परवाना १ मार्च २०२४ किंवा त्यानंतर पहिल्यांदा मिळाला त्याला आईवडिलांना आणता येतं. पण कागदावर आहे म्हणून हुरळून जाऊ नका. त्यांचा खर्च तुम्ही उचलणार हे दाखवायचं आणि मुख्य म्हणजे पुरेसा आरोग्य विमा दाखवायचा. साठीच्या पुढच्या, डायबेटिस-बीपी असलेल्या माणसाला तिथे विमा देणार कोण, आणि दिला तर किती घेणार, सगळं तिथेच अडतं.

वेस्टरपार्कची_ताई
नेदरलंड्समध्ये आईवडिलांसाठी तसा रस्ताच नाही, अगदी अपवादात्मक परावलंबन सिद्ध करावं लागतं. हे खरंय, लपवत नाही. माझे आईबाबा उन्हाळ्यात येतात, थंडी पडायच्या आत परत. बाबांना तसंही सुरसागरची संध्याकाळची फेरी चुकली की करमत नाही.

मांजलपूर_काका
बरंय. म्हणजे आम्ही आपले इथेच. चालेल.

नवखा_०७
मध्येच घुसतोय, सॉरी. माझ्याकडे ऑफर नाहीये पण चान्सनकार्ड (नोकरी शोधायला मिळणारा जर्मन परवाना) काढून जर्मनीला जाऊन शोधली तर? अलकापुरीतला एक कन्सल्टंट म्हणतो शंभर टक्के काम होतं, वर म्हणतो या भाऊच्या बायकोलासुद्धा आधी जर्मन ए१ची परीक्षा द्यावीच लागेल, त्यांच्याकडेच क्लास आहे.

ऱ्हाइनकाठचा
@नवखा_०७ ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला येण्याआधी जर्मनचं सर्टिफिकेट लागत नाही. हे कन्सल्टंटला माहीत नसेल तर तो कसला कन्सल्टंट, आणि माहीत असेल तर विषयच संपला. शिकून घेणं शहाणपणाचं, पण अट म्हणून विकत असेल तर हात जोडून बाहेर पड.
चान्सनकार्ड जून २०२४ पासून आहे. सहा पॉइंट लागतात, जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२, आणि खर्चाचे पैसे आधीच दाखवायचे, २०२५ ला महिना १,०९१ युरो म्हणजे वर्षाचे तेरा हजारांच्या वर. त्यावर आठवड्याला वीस तास काम करता येतं. शंभर टक्के वगैरे काही नसतं रे. तुझ्या फील्डप्रमाणे वेगळा धागा काढ, इथे नको.

रावपुरा_फिजिओ
मी फिजिओ आहे म्हणून वहिनींबद्दल लिहिते. दोन्हीकडे जोडीदाराला कामाची पूर्ण मोकळीक असते, कुठलीही नोकरी करता येते, फक्त "फिजिओ" म्हणून करता येत नाही. दोन्हीकडे हा परवान्याचा धंदा आहे. जर्मनीत राज्याच्या ऑफिसकडून डिग्रीची मान्यता घ्यायची, ते आपला सिलॅबस त्यांच्याशी ताडून बघतात, कमी पडलं तर पूरक ट्रेनिंग किंवा परीक्षा, आणि जर्मन साधारण बी२. नेदरलंड्समध्ये बीआयजी नावाचं रजिस्टर आहे, त्यात नाव लागल्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही, आणि त्यासाठीही आधी डच येतं हे सिद्ध करायचं. म्हणजे पहिली दीड-दोन वर्षं भाषेत जाणारच.
मी कॉलेजच्या प्रत्येक वर्षाचे क्लिनिकल पोस्टिंगचे तास लिहून, सही-शिक्क्यासकट मागून ठेवले. नुसत्या मार्कशीटवर तास नसतात आणि तिकडे तासच मोजतात. आमच्या क्लार्कने आधी तोंड वाकडं केलं, मग दिलं. वहिनींना सांगा बडोद्यात आहे तोवर हे काम उरकून घ्या, तिकडून फोन करून कोणी हलत नाही.
माझं मत विचाराल तर भाषा कुठली शिकायची यावरूनच देश ठरवा. जर्मनवर जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड एवढं मैदान उघडतं. डचवर नेदरलंड्स आणि अर्धं बेल्जियम.

न्यायमंदिर_मागे
सगळ्यांचे खूप आभार. हे तासांचं कोणीच सांगितलं नव्हतं, बायको उद्याच कॉलेजला जातेय.
एक वेडगळ प्रश्न. जर्मनीत घर घेऊन रोज रॉटरडॅम नाही पण सीमेजवळच्या एखाद्या डच कंपनीत जा-ये केली तर? ऑफिसमधला एक जण म्हणाला शेंगेन आहे, कुठेही राहा कुठेही काम करा.

हिशोबनीस_मांडवी
शेंगेनवर फिरायला जा. परवानाधारकाला दुसऱ्या देशात १८० दिवसांत ९० दिवस हिंडता येतं, काम नाही करता येत. रोज सीमा ओलांडून कामाला जाणारे युरोपियन पासपोर्टवाले असतात. आपल्याला राहण्याचा आणि कामाचा परवाना एकाच देशाचा मिळतो, तुझं जर्मन ब्लू कार्ड जर्मनीतल्याच नोकरीसाठी.
मात्र ब्लू कार्डचा एक फायदा आहे. पहिल्या देशात १२ महिने झाले की दुसऱ्या ईयू देशात ब्लू कार्डवर जाणं सोपं होतं, आणि ईयूच्या दीर्घकालीन परवान्यासाठी दोन्हीकडची वर्षं जोडून पाच धरता येतात, फक्त शेवटची दोन नव्या देशात हवीत. पण डच ब्लू कार्डची २०२५ ची पगारमर्यादा महिना ५,६८८, तिशीच्या आत-बाहेर असं काही नाही. म्हणजे जर्मनीहून येशील तेव्हा जास्त पगार मागावा लागेल आणि वर ती करसवलतही नसेल. उलटं, आधी रॉटरडॅम मग जर्मनी, तर वाटेत असं काही गमावत नाहीस. फक्त जर्मनीचे २१ महिने तू पोचल्यापासून मोजायला लागतील.

ऱ्हाइनकाठचा
आणि ते २१ महिने पुढे ढकलले जातात याची किंमत कोणी धरायची? समजा मंदी आली. पीआर असलेला माणूस नोकरी गेली तरी निवांत घरी बसून शोधतो. मी तरी ते कागद आधी घेईन. अर्थात घ्यायला गेलं की आउसलेंडरबेहोर्डेची (परदेशी लोकांचे परवाने बघणारं ऑफिस) अपॉइंटमेंट मिळेस्तोवर केस पांढरे होतात, हे कबूल. शहरागणिक वेगळं ऑफिस, वेगळा मूड, मेलला उत्तर नाही.

वेस्टरपार्कची_ताई
नोकरी बदलण्याचं पण बघा. जर्मनीत पहिल्या १२ महिन्यांत बदललीस तर त्याच ऑफिसला कळवायचं, ते ३० दिवस थांबवू शकतात. इकडे नवी कंपनी स्पॉन्सर असली आणि पगार बसला की तीच कळवते, कार्ड तेच.
घराबद्दल मात्र सावध. रॉटरडॅम अॅम्स्टरडॅमइतकं महाग नाही पण घरं मिळत नाहीत. पत्त्याची नोंद झाल्याशिवाय बीएसएन नंबर (आपल्या आधारसारखा) नाही, आणि त्याच्याशिवाय बँक, पगार सगळं अडतं. "घर देतो पण नोंदणी करू नका" म्हणणारा किंवा घर दाखवायच्या आधी डिपॉझिट मागणारा भेटला तर फोन ठेव. पहिले दोन महिने कंपनीकडून फ्लॅट मागून घे, करारातच लिहून घे. अजून एक गंमत, करसवलत मिळाली की भारतीय लायसन्स परीक्षा न देता डच लायसन्समध्ये बदलून मिळतं, जोडीदाराचंही. जर्मनीत सहा महिन्यांनी लेखी आणि गाडीची, दोन्ही परीक्षा नव्याने, आणि त्याचा खर्च ऐकून माणूस सायकलच घेतो.
आणि रॉटरडॅमहून हेग ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत, तिथे सुरिनामहून आलेली हिंदुस्तानी मंडळी इतकी आहेत की रोटी आणि कारल्याला तोटा नाही.

फतेगंजकर
कारल्यासाठी कोण जातं रे नेदरलंड्सला.

न्यायमंदिर_मागे
अपडेट देतो. रॉटरडॅमच्या एचआरशी बोललो. कंपनीचं नाव आयएनडीच्या यादीत आहे, मी स्वतः बघितलं. अर्ज नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाकतो असं त्यांनी मेलवर लिहून दिलंय, तोंडी नाही. करार मात्र एक वर्षाचाच, पर्मनंट देत नाहीत, खूप ताणून बघितलं. सुरुवातीचा फ्लॅट दोन महिने देतायत.
घरी सगळे बसून बोललो. बाबा म्हणाले आम्हाला न्यायच्या गोष्टी आत्ता करू नकोस, आम्ही वाड्यातून हलणार नाही, आई काहीच बोलली नाही. बायकोचं मत जर्मन शिकण्याकडे होतं, @रावपुरा_फिजिओ ताईंचं वाचून तर अजूनच. पण शेवटी असं ठरलं की रॉटरडॅम. तिशीच्या आतली पायरी आणि करसवलत दोन्ही आत्ताच आणि इथूनच मिळणार, जर्मनीचं ब्लू कार्ड पुढच्या वर्षीही मिळेल. ड्युसेलडॉर्फवाल्यांना नीट मेल लिहून नाही कळवतोय, दार उघडं राहील असं. बायको डचबरोबर जर्मनही चालू ठेवणार म्हणते, बघू.

ऱ्हाइनकाठचा
मला पटलेलं नाही, पण विचार करून घेतलायस, छान. वर्षाचा करार आहे, आठव्या-नवव्या महिन्यातच पुढचं विचार, शेवटच्या महिन्याची वाट बघू नकोस. निघालास की कळव, ड्युसेलडॉर्फला ये एकदा जेवायला.

न्यायमंदिर_मागे
नक्की! आता शेवटचा अडथळा. एचआरने जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला अपोस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून सरकारी शिक्का) करून मागितलाय. माझ्या जन्मदाखल्यात बाबांचं नाव "सुरेशभाई" आहे आणि पासपोर्टात नुसतं "सुरेश". बायकोच्या आईचंही तेच, दाखल्यात "बेन" लागलंय. हे चालतं का?

मांजलपूर_काका
अरे ही बडोद्यातल्या प्रत्येक मराठी घराची कथा आहे, नोंद करणारा क्लार्क गुजराती, त्याने आदराने भाई लावलं आणि आपण तीस वर्षं बघितलं नाही. माझ्या मुलाच्या वेळी आम्ही आधी अॅफिडेव्हिटवर भागवायला बघत होतो, वकील म्हणाला चालेल, पण तिकडच्या नगरपालिकेच्या बाईने दोन वेगळी नावं म्हणून फाइल बाजूला ठेवली असती तर परत इथूनच सगळं. म्हणून दाखलाच दुरुस्त करून घेतला. महापालिकेच्या जन्म-मृत्यू शाखेत जा, बाबांचं आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि तुझा पासपोर्ट घेऊन. नवीन दाखला इंग्रजी आणि गुजराती दोन्हीत माग. त्यानंतरच अपोस्टिलला दे, आधी राज्य सरकारचा शिक्का लागतो मग परराष्ट्र खात्याचा, आणि उलट क्रमाने केलंस तर जुन्या नावावर पैसे घालवशील. सोमवारी सकाळी लवकर जा, दुपारनंतर तिथे कोणी भेटत नाही. दोन्ही दाखल्यांच्या चार-चार प्रती घे.